डोंबिवलीतला जुना वन बीएचके, सात लाख रुपये आणि आठ वेगवेगळे कारागीर: एका नूतनीकरणाचा प्रकरण अभ्यास

डोंबिवली पूर्वेला 1988 साली बांधलेली इमारत. तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, कार्पेट साधारण 480 चौरस फूट. आईवडिलांच्या पश्चात घर मुलाकडे आलं. तो सहकारी बँकेत नोकरीला, बायको शाळेत शिक्षिका, दोन मुलं. चौघं कल्याणला भाड्याने राहत होते आणि अकरा महिन्यांचा करार 31 मे 2024 ला संपत होता. घरमालकाने वाढवून द्यायला आधीच नकार दिला होता. कुटुंबाच्या मनातला मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे 10 मेचा. हातात पैसे सात लाख. चार साठवलेले, तीन पतपेढीचं कर्ज. आठवा लाख कुठूनही येणार नव्हता, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट झालं. कामाची देखरेख माझ्याकडे होती आणि मला ते आवडलं, कारण ‘बजेट साधारण आठ-दहा’ म्हणणाऱ्या घरांत काम कधीच आटोक्यात राहत नाही.

एका ठेकेदाराने सगळं मिळून, चावी हातात देण्याच्या बोलीवर, 9 लाख 20 हजार सांगितले होते. तीच कामं सुटी करून, प्रत्येक कारागिराशी वेगळं ठरवून मी अंदाज काढला तो साडेसहा लाखांचा. उरलेले पन्नास हजार हाताशी. (देखरेखीची माझी फी वेगळी ठरली होती, ती यात नाही.) दोन लाख सत्तर हजारांचा हा फरक म्हणजे निव्वळ ठेकेदाराचा नफा, असं बहुतेकांना वाटतं. नफा त्यात असतोच. पण बराचसा भाग असतो तो ‘हे माझ्या कामात येत नाही’ या वाक्याची किंमत. प्लंबर पाइप टाकून जातो, त्यासाठी भिंतीत खोदलेली झिरी कोणी बुजवायची? सुताराने भिंतीला भोक पाडलं आणि तिथून वायर निघाली, तर कोणाला ओरडायचं? ठेकेदार हे भांडण स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्याचे पैसे लावतो. सुटं काम दिलं की ती सगळी भांडणं घरमालकाच्या दारात. या प्रकरणात पैसे वाचले किंवा गेले, ते जवळजवळ सगळे अशाच सांध्यांवर. गवंड्याचा रोज पन्नास रुपयांनी कमी करून घेतल्याने फरक पडला नाही.

आधी काय फोडायचं

सोसायटीला अर्ज, माझं पत्र, दहा हजार अनामत, काम दहा ते सहा, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, रविवारी सुट्टी. ही औपचारिकता लवकर उरकली. तीस वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत आहे. इथे ते झालेलं होतं आणि अहवाल मला वाचायला मिळाला. त्यात बाथरूमखालच्या स्लॅबबद्दल एक ओळ होती: ‘ओलावा, निरीक्षणाखाली ठेवावा.’ दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना तर अहवालाची गरजच नव्हती. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला कित्येक वर्षं पिवळा डाग होता आणि वरच्या मजल्यावर काम निघालंय म्हटल्यावर त्याच आधी वर आल्या.

फोडणारा मुकादम नेहमीप्रमाणे हॉलपासून सुरू करणार होता, कारण तिथे माणसं मोकळी फिरतात आणि काम पटापट दिसतं. मी त्याला बाथरूमकडे वळवलं. जिथे वाईट बातमी निघण्याची शक्यता जास्त, ती जागा आधी उघडायची आणि ती उघडेपर्यंत एकही टाइल विकत घ्यायची नाही, असं ठरलं होतं. नवऱ्याला हे पटत नव्हतं. भिवंडी रस्त्यावरच्या एका गोदामात टाइलवर सूट चालू होती आणि ती आठवड्यात संपणार होती. सूट गेली. पुढे कळलं की गेली ते बरंच झालं.

या काळातल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, केलेला असतो. तो भराव काढला तेव्हा नहाणी ट्रॅपभोवतीच्या, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या तोंडाभोवतीच्या, काँक्रीटची खपली हातोडीच्या दोन ठोक्यांत निघाली. आतली सळई गंजून फुगली होती. खालून आजींकडचं प्लास्टर काढलं तर तिथेही तेच. सळई घासून गंजरोधक लावणं, पातळ झालेल्या दोन सळयांना जोड देणं, पॉलिमर मॉर्टर, खालून प्लास्टर आणि आजींच्या छताला रंग, हा सगळा खर्च 28 हजार. अंदाजपत्रकात याला ओळच नव्हती. हाताशी ठेवलेल्या पन्नासातले निम्म्याहून अधिक पैसे तिसऱ्या आठवड्यातच खर्ची पडत होते.

इथे बहुतेक घरं एकच वाट धरतात: पन्नासातून द्यायचे आणि पुढचं पुढे. आम्ही थांबून दुसरीकडे कापायला बसलो. कापता येईल अशी मोठी रक्कम एकच होती, हॉल आणि बेडरूमची फरशी.

मोझॅक ठेवायचं की काढायचं

हॉल आणि बेडरूम मिळून सुमारे 340 चौरस फुटांवर जुनी मोझॅक लादी होती. मळकट, पण बसलेली. नाण्याने ठोकून पाहिलं, पोकळ आवाज येणाऱ्या लाद्या बेडरूमच्या एका कोपऱ्यात सापडल्या, बाकी घट्ट. पर्याय तीन होते. पहिला, सगळं उखडून दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाइल. दुसरा, मोझॅकवरच ॲडहेसिव्हने टाइल चिकटवणं. तिसरा, मोझॅक तसंच ठेवून पॉलिश.

दुसरा पर्याय दुकानदारांचा लाडका आहे. डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) नाही, धूळ नाही. पण जमिनीची पातळी अर्ध्या-पाऊण इंचाने वर येते. म्हणजे मुख्य दरवाजा खालून कापा, बाथरूमचा उंबरा वाढवा, आणि ज्या स्लॅबची एक बाजू आत्ताच दुरुस्त केली त्याच्यावर दर चौरस मीटरला आणखी पंचवीसेक किलो ठेवा. हे वजन एरवी स्लॅबला जड नाही. छत्तीस वर्षांच्या इमारतीत, गंजलेली सळई डोळ्यांनी पाहिल्यावर, मला ते नको होतं.

पॉलिशला बाईंचा, म्हणजे शिक्षिका असलेल्या बायकोचा, विरोध होता. त्यांना पांढरी चकचकीत फरशी हवी होती, आणि लहानपणापासून चाळीत मोझॅकच पाहिलंय, पुन्हा तेच का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. निर्णय शेवटी आकड्याने झाला. टाइल, मजुरी आणि सिमेंट-रेती मिळून 41 हजार वाचत होते, तोडफोड आणि डेब्रिजमध्ये 10 हजार. पॉलिशचे 12 हजार वजा जाता निव्वळ बचत 39 हजार. स्लॅबचे 28 हजार त्यात बसत होते आणि वर अकरा उरत होते. त्या अकरातून कपाटाला बाईंना हवं ते पांढरं लॅमिनेट घ्यायचं, असा तह झाला.

तीन मजले लिफ्टशिवाय म्हणजे डेब्रिजची प्रत्येक गोणी माणसाच्या पाठीवरून उतरते, आणि गोणीमागे पैसे मोजावे लागतात. 340 फुटांची लादी तिच्याखालच्या सिमेंट-रेतीच्या गादीसकट म्हणजे जवळपास शंभर घनफूट, एक बरास. फोडल्यावर ते दीडपट होतं. अंदाजपत्रकात लोक टाइलचा चौरस फुटाचा भाव घासून घासून लिहितात आणि हा आकडा विसरतात.

मोझॅक राहिल्याने तीन गोष्टी बदलल्या आणि त्या त्याच दिवशी संबंधित माणसांना सांगाव्या लागल्या. वायरमन टीव्हीची नळी जमिनीतून नेणार होता, ती आता भिंतीतून. स्वयंपाकघराची नवी फरशी मोझॅकच्या पातळीला जुळायला हवी. आणि हॉल-स्वयंपाकघरामधली साडेचार इंची भिंत पाडल्यावर जमिनीत जी उघडी पट्टी राहणार, तिचं काय करायचं? (इमारत आरसीसी फ्रेमची, म्हणजे भार खांब-बीमवर; भिंत अर्ध्या विटेची, वर बीम पुरेसा, ऑडिट करणाऱ्या अभियंत्याचं लेखी मत घेऊनच ती पाडली.) त्या पट्टीत ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा बसवला. पाहुण्यांना ती मुद्दाम केलेली नक्षी वाटते.

भिंतीवरची रेघ

कारागीर वेगवेगळे असले की प्रत्येकाची उंची वेगळी असते. प्लंबर फोडलेल्या जमिनीपासून मोजतो, वायरमन जुन्या स्विचबोर्डापासून, सुतार छतापासून खाली येतो. म्हणून तोडफोड संपताच पाण्याच्या लेव्हल नळीने, मोझॅकच्या वरच्या पातळीपासून एक मीटरवर, सगळ्या खोल्यांतून सलग निळी रेघ मारून घेतली. बाथरूमच्या आतसुद्धा. त्यानंतर कोणतंही माप सांगायचं ते रेघेच्या वर किती, खाली किती, एवढंच. या कामाला गवंड्याचा अर्धा दिवस गेला. संपूर्ण प्रकल्पात याहून स्वस्त आणि जास्त कामाची गोष्ट दुसरी झाली नाही.

दुसरी तयारी बाईंनी केली. शाळा सकाळची असल्याने दुपारी त्या साइटवर असत. स्वयंपाकघराच्या उघड्या भिंतीवर त्यांनी खडूने खऱ्या मापात सगळं काढलं: शेगडी, सिंक, फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, कणकेचा डबा कुठे राहणार ते. कागदावरचा नकाशा कारागीर वाचत नाहीत. भिंतीवर खडूने ‘मिक्सर’ लिहिलेलं असलं की वायरमनला पॉइंट कुठे द्यायचा हे विचारावं लागत नाही. त्यांची उंची पाच फूट, त्यामुळे ओटा चौतीस इंचांऐवजी बत्तीसवर आणला. सुरुवातीच्या यादीत फिल्टरला ना वीज होती ना नळ. खडू हातात घेतल्यावर ते लक्षात आलं. ओटा बसल्यावर कळलं असतं तर ग्रॅनाइट आणि टाइल दोन्ही फोडावे लागले असते.

झिरी बुजवायच्या आधी

लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग पूर्ण काढलं. त्यात अर्थिंगच नव्हतं. दिव्यांना दीड, पॉवर पॉइंटला अडीच, गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर, आणि मुख्य बोर्डात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. यात कात्री लावायची नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. पाण्याचे पाइप जुने जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे), आतून गंजाने निम्मे बुजलेले. सगळे बदलून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे.

खरी कसोटी लागली ती प्लंबर आणि गवंडी यांच्यामध्ये. गवंडी रोजंदारीवर होता. पाइप बसले की लगेच झिरी भरून प्लास्टर मारायचं, असा त्याचा हिशेब. पंपाने दाब देऊन पाइप रात्रभर ठेवल्याशिवाय हात लावायचा नाही, असं म्हटल्यावर तो वैतागला. “दादा, मी किती दिस नुसता बसून ऱ्हाऊ?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्याचा रोज बुडत होता. त्याला खिडक्यांच्या कडा आणि बेडरूमचं पोकळ प्लास्टर काढायला लावलं. अशी किरकोळ कामं आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. सकाळी दाबाचा काटा खाली आलेला होता. गीझरच्या वरच्या एल्बोला (वळणाच्या जोडाला) चिकटवायचं सोल्युशन नीट लागलं नव्हतं. एक जोड, दहा मिनिटांचं काम. टाइलमागे गेला असता तर दहा हजारांना पडला असता.

प्रत्येक भिंत बुजवण्याआधी, मोजपट्टी फ्रेममध्ये धरून फोटो. हे फोटो एप्रिलअखेर कामी आले. ट्रॉलीवाला वरच्या कपाटाचा ब्रॅकेट मारायला ड्रिल घेऊन उभा होता आणि फोटोत दिसत होतं की बरोबर तिथून गरम पाण्याचा पाइप जातो. ब्रॅकेट चार इंच सरकला.

वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये पाणी भरून 48 तास ठेवलं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण केली आणि खाली आजींना छताकडे लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांच्याइतकं काटेकोर निरीक्षण कुठल्याही इंजिनिअरने केलं नसतं. दर दोन तासांनी फोन.

बाहेरच्या सामाईक बिडाच्या पाइपाचा जोडही गळत होता. आतल्या गळतीचा खर्च सभासदाचा आणि सामाईक पाइपांचा सोसायटीचा, असं उपविधींत आहे. पण समितीची बैठक कधी होणार यावर आपलं काम अडकतं. फोटो जोडून लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात दिला होता म्हणून मार्चअखेर मंजुरी मिळाली. तोंडी सांगितलं असतं तर पावसाळा उजाडला असता. आपली लाइन त्या पाइपाला जोडण्याचे आठ हजार मात्र कुटुंबालाच पडले.

होळी, गहू आणि रिकामा एप्रिल

25 मार्चला धुळवड. फरशीवाला उत्तर प्रदेशचा, होळीला गावी जाणार हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आठ दिवसांत येतो म्हणाला. त्याचं शेत आहे हे ऐकल्यावर मी वेळापत्रकात तीन आठवडे लिहिले, कारण होळीनंतर लगेच गव्हाची काढणी येते आणि गहू वाट पाहत नाही. आला तो एप्रिलच्या मध्यावरच.

त्याच्यावाचून काय होऊ शकतं आणि काय नाही, याची यादी केली. स्वयंपाकघराची जमीन सपाट, तिथे गवंड्याच्या ओळखीची स्थानिक जोडी चालेल. बाथरूमला उतार हवा, तिथे वाट पाहायची. बाथरूम तीन आठवडे अडून राहिलं तरी स्वयंपाकघर पुढे गेलं. फरशी, मग ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या, वर ग्रॅनाइट. प्लायवुडच्या खोक्यांऐवजी कडप्पा घेतल्याने ओट्याचा खर्च आठ हजारांनी वाढला, पण सिंकखाली प्लाय कुजण्याचा प्रश्न मिटला आणि ट्रॉल्यांचा खर्च त्याहून जास्त उतरला. मोझॅकचं पहिलं पॉलिशही याच काळात उरकलं. ते ओलं काम, करडा चिखल भिंतीवर दोन फूट उडतो; रंगाच्या शेवटच्या हाताआधीच व्हायला हवं होतं.

सुताराने बेडरूमचं कपाट आणि बाकीच्या लाकूडकामासाठी प्लायच्या 22 शीट सांगितल्या होत्या. आठ बाय चारच्या शीटवर तुकडे कसे निघतील ते कागदावर मांडलं तर 17 पुरत होत्या. सुतार बेइमान होता असं नाही. कमी पडलं तर काम थांबतं, म्हणून तो जास्तच सांगतो. कमी पडल्यास त्याच दिवशी शीट आणून देऊ असं कबूल केल्यावर तो सतरावर तयार झाला. अठरावी लागली, एकोणिसावी नाही. शीट जिन्याच्या वळणावर अडकत होत्या, त्या दोराने बाल्कनीतून वर घेतल्या.

अंदाज सर्वांत जास्त चुकला तो विजेत. 75 हजारांचे 89 झाले. वायरचा भाव वाढला नव्हता. नवरा संध्याकाळी बँकेतून थेट साइटवर यायचा आणि वायरमनशी गप्पांत एकेक गोष्ट वाढायची: बेडरूममध्ये एसीचा पॉइंट, इन्व्हर्टरची लाइन, बाल्कनीत दिवा. “साब, हो जाएगा.” बिल आलं तेव्हा घरात अबोला. बाईंनी त्या दिवसापासून एक वही ठेवली: वाढीव काम, त्याचा दर, दोघांची सही, मगच कारागिराला सांगायचं. विशेष म्हणजे वहीत नंतर फक्त चार नोंदी झाल्या. सही करायला लागली की बाल्कनीतला दुसरा दिवा नकोसा होतो.

पैसे देण्याची पद्धत

आठवड्याला उचल कुणालाही दिली नाही. हप्ते कामाच्या टप्प्याला बांधले. प्लंबरला पहिला मोठा हप्ता दाबाच्या चाचणीनंतर, दुसरा पाणी भरून 48 तास झाल्यावर, शेवटचा नळ बसल्यावर. एक सवलत ठेवली: ज्या दिवशी टप्पा पूर्ण, त्याच संध्याकाळी पैसे. कारागीर दुसरीकडे पळतात ते बहुतेकदा इथले पैसे लांबतात म्हणून. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे दहा टक्के, साडेचार हजार, पहिल्या जोराच्या पावसापर्यंत राखून ठेवले. फॅब्रिकेटरने कुरकुर केली, पण लिहून दिलं.

10 मेला ओट्यावर दूध उतू घातलं. बाथरूमला दरवाजा नव्हता आणि कपाटाला दारं नव्हती. राहायला आले ते मेच्या शेवटच्या आठवड्यात, करार संपायच्या आत. एकूण खर्च 6 लाख 71 हजार, यात खिडक्यांचे राखलेले साडेचार हजार धरले आहेत. माळ्याची दारं, 20 हजारांचं काम, यादीतून काढून पुढच्या दिवाळीच्या बोनसवर ठेवलं. तोपर्यंत माळ्याला पडदा. शिल्लक 29 हजारांना पावसाळा होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत हॉलच्या खिडकीतून पाणी आत आलं. फॅब्रिकेटर म्हणाला गवंड्याने खालच्या पट्टीला उतार दिला नाही, गवंडी म्हणाला फ्रेम वाकडी आहे. मी जाऊन पाहिलं तर उतार ठीक आणि फ्रेम सरळ. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला भोकं असतात, ती रंगाऱ्याच्या पुट्टीने बुजली होती. रंगाऱ्याचे पैसे केव्हाच देऊन झाले होते आणि तो बदलापूरला दुसऱ्या कामावर होता. फॅब्रिकेटरने तारेने भोकं मोकळी केली, बाहेरून सिलिकॉन मारलं, बादलीभर पाणी ओतून दाखवलं आणि आपले साडेचार हजार घेऊन गेला. वहीत रंगाऱ्याच्या नावापुढे बाईंनी ‘पुढच्या वेळी याचेही राखायचे’ असं लिहून ठेवलंय.